पेन कोणाच्या हातात

लातूरला फिजिक्स शिकवायचं म्हणजे आपण एकटे शिकवत नाही, हे पहिल्याच वर्षी कळतं. सकाळी क्लासचे सर, दुपारी कॉलेजात आपण, संध्याकाळी दुसऱ्या क्लासचे सर आणि रात्री मोबाइलवर कोट्याचं कुणीतरी. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडची दहावी झालेली मुलं जूनमध्ये इथे उतरतात, एका खोलीत तिघं-चौघं राहतात, मेसचा डबा लावतात आणि पुढची दोन वर्षं चहूबाजूंनी फिजिक्स ऐकत राहतात. एवढं शिकवल्यावर खरं तर कुणाचं काही अडायला नको. पण अडतं, आणि अडलेलं गणित बऱ्याचदा सुटतं ते शेजारच्या खुर्चीतल्या पोरामुळे.

मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असल्यामुळे संध्याकाळी तिथे बसणारी मुलं मला वर्षानुवर्षं पाहायला मिळाली. हा कॉलेजचा उपक्रम वगैरे नव्हता. लोडशेडिंगच्या काळात मुलांच्या रूमवर लाइट नसायची आणि प्रयोगशाळेत इन्व्हर्टर होता, एवढंच कारण. मुलं मागच्या लांब टेबलाशी बसायची, मी पुढे जर्नल तपासत बसायचे. पुढे लोडशेडिंग संपलं, पण मुलं येतच राहिली.

हुशार मुलानं कच्च्या मुलाला शिकवावं, असं सगळेच म्हणतात. पालक म्हणतात, प्राचार्य म्हणतात. त्या टेबलाशी मात्र वेगळंच दिसायचं. एका बॅचला एक मुलगा होता, गणितात पहिला, ऑलिम्पियाडची पहिली पायरी असलेली परीक्षाही देऊन आलेला. आणि दुसरा होता निलंग्याकडच्या एका खेड्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, गुणांनी मधला. अडलेली मुलं पहिल्याकडे एकदा जायची आणि दुसऱ्याकडे रोज. मी एका मुलीला कारण विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, त्यानं सांगितलं की सगळं कळतं, पण रूमवर गेल्यावर काहीच येत नाही. ह्याच्यापाशी बसलं की डोकं दुखतं, पण मग येतं."

मग मी लक्ष देऊन बघायला लागले. बारावीच्या पुस्तकातला पहिलाच धडा घूर्णन गतीचा आहे, त्यामुळे दर वर्षी जून-जुलैतच निम्मा वर्ग गारद होतो. त्या दिवशीचं गणित नेहमीचं होतं: उतारावरून एक कडं आणि एक भरीव चकती एकदम सोडली, तर खाली आधी कोण पोचेल? पहिल्या मुलानं समोरच्याची वही ओढून घेतली, ऊर्जेचं समीकरण लिहिलं, वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही खोडल्या, चकतीचं त्वरण दोन-तृतीयांश, कड्याचं एक-द्वितीयांश, त्यापुढे g साइन थीटा, खाली दोन रेघा. मिनिटभरात संपलं. समोरच्यानं विचारलं, "पण घर्षण आहे ना? मग ऊर्जा कायम कशी धरली?" "रोलिंगमध्ये फ्रिक्शन वर्क करत नाही. पाठच करून टाक," असं म्हणून हा उठून गेला.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न निलंग्याच्या मुलाकडे आला. त्यानं आपल्या पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं. ही त्याची सवयच होती. "तू लिव्ह, मी बघतो." मग त्यानं विचारलं, "चकतीचा जो ठिपका ह्या क्षणी जमिनीला टेकलाय, त्याचा वेग किती?" समोरचा म्हणाला, चकतीचा आहे तेवढाच. हा गप्प. समोरच्यानं पुन्हा आकृती काढली. चकती पुढे सरकते त्याचा बाण पुढे, ती फिरते त्यामुळे खालच्या ठिपक्याचा बाण मागे, दोन्ही सारखे. शून्य. "मग जो हललाच नाही, त्याच्यावर घर्षणानं काम केलं किती?" समोरचा बराच वेळ वहीकडे बघत राहिला आणि मग एवढ्या जोरात हसला की माझं जर्नलमधलं लक्ष उडालं.

फिजिक्सच्या गणितातली अवघड जागा पहिल्या दोन ओळींत असते: कशाला एक वस्तू धरायचं, तिच्यावर कोणकोणती बलं लावायची, अक्ष कुठून घ्यायचा. तेवढं झालं की उरतं ते दहावीचं बीजगणित. ज्याला येतं तो या दोन ओळी मनातल्या मनात उरकतो आणि पेन हातात घेऊन तिसरीपासून लिहायला लागतो. शिकणाऱ्याला सगळं दिसतं, फक्त तो जिथे अडला होता ती जागा दिसत नाही. निलंग्याचा मुलगा महिनाभरापूर्वी स्वतः तिथेच अडला होता. तो खड्डा त्याच्या अजून लक्षात होता. ऑलिम्पियाडवाल्याला तो कधी लागलाच नव्हता, त्यात त्याचा दोष काय?

ज्याची शंका त्याच्या हातात पेन, हा नियम पुढे टेबलावर आपोआप रूढ झाला. मी तो कधी भिंतीवर लावला नाही. नवीन मुलानं कुणाची वही ओढली की जुनं कुणीतरी म्हणायचं, "पेन दे त्याला."

एरिक मॅझूर यांच्याबद्दल मी वाचलं ते बरंच नंतर. हार्वर्डचे हे प्राध्यापक. आपले विद्यार्थी अवघड गणितं सोडवतात, पण न्यूटनच्या तिसऱ्या नियमावरच्या साध्या प्रश्नात चुकतात, हे त्यांच्या लक्षात आलं. १९९२ मध्ये हेस्टेनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा साध्या प्रश्नांची एक चाचणीच प्रसिद्ध केली होती. आकडेमोड जवळजवळ नाही, नुसत्या बलांच्या कल्पना. मॅझूर वर्गात असा प्रश्न टाकायचे, प्रत्येकाकडून उत्तर घ्यायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायला सांगायचे आणि पुन्हा उत्तर घ्यायचे. त्यांचं या पद्धतीवरचं पुस्तक १९९७ मध्ये आलं. मला त्यातली सगळ्यात कामाची वाटली ती पहिली पायरी: चर्चेआधी प्रत्येकानं स्वतःचं उत्तर देऊन टाकायचं. आमच्या टेबलावर हेच नसायचं. कुणीतरी ठणकावून बोलायचं आणि बाकीचे "मला पण तसंच वाटत होतं" म्हणून मोकळे व्हायचे.

त्यामुळे मी एक दिवस होल्डर लावलेला बोर्ड काढला. ६० वॉटचा आणि १०० वॉटचा असे दोन तारेचे बल्ब एकसरीत जोडले. (हे बल्ब आता मागितले तर दुकानदार आधी आपल्या तोंडाकडे बघतो, मग माळ्यावर चढतो.) बटण दाबण्याआधी सगळ्यांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, जास्त उजेड कशाचा पडणार? बहुतेकांनी १०० लिहिलं. मग भांडण. एक मुलगी म्हणत होती, शंभरचा आहे म्हणजे शंभरच घेणार ना, त्यावर छापलंय. तिच्या शेजारची म्हणाली, छापलंय ते २३० व्होल्टसाठी, इथे त्याला २३० मिळतायत कुठे? मग रोध काढले गेले, ६० वाल्याचा साधारण ८८० ओहम, १०० वाल्याचा ५३० च्या आसपास. गरम तारेचे, असं एकानं कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, ते मला आवडलं. धारा दोघांतून एकच, मग जास्त रोध असलेला जास्त तापणार. बटण दाबल्यावर ६० वाला उजळला आणि १०० वाल्याची तार नुसती तांबूस झाली. चुकीची चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलांच्या तो बल्ब कायम लक्षात राहिला. ज्यांचं बरोबर आलं होतं, त्यांतल्या दोघांनी पुढच्या चाचणीत तोच प्रश्न चुकवला.

एकमेकांकडून शिकण्याचं कौतुक करताना लोक एक गोष्ट सांगत नाहीत. चूकही याच वाटेनं पसरते आणि बरोबर उत्तरापेक्षा लवकर पसरते. एका वर्षी टेबलावर ठरलं की वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी क्षणभर थांबतो, म्हणजे तिथे त्वरणही शून्य. सांगणारा मुलगा आत्मविश्वासानं बोलणारा होता. ते त्या रात्रीच तीन रूमवर पोचलं आणि घटक चाचणीत निम्म्या वर्गानं लिहून दिलं. त्यानंतरच्या मुलांनी यावर स्वतःच उपाय काढला. उत्तर आलं की ते टोकाला नेऊन बघायचं. कप्पीवरून सोडलेली दोन वजनं असतील, तर दोन्ही सारखी केल्यावर त्वरण शून्य येतं का? एक काढून टाकल्यावर g येतं का? चेंडूचं त्वरण वर शून्य असेल, तर तो तिथून खाली का येईल? शेवटचा प्रश्न विचारणारी मुलगी पुढे एमबीबीएसला गेली. फिजिक्स तिला शेवटपर्यंत आवडलं नाही, पण ती त्याला घाबरायची थांबली.

लातूरची बहुसंख्य मुलं डॉक्टर व्हायला आलेली असतात, हेही इथे सांगायला हवं. बायोलॉजी त्यांची तोंडपाठ असते. नीटमध्ये फिजिक्सचे ४५ प्रश्न, १८० गुण, आणि चुकलं की एक गुण जातो. रँक बिघडते ती इथेच. एमएचटी-सीईटीत तर फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. बोर्डाचा पेपर मात्र ७० गुणांचा, तीन तासांचा, सिद्धता लिहायला लावणारा. एकाच मुलाला एकाच विषयाच्या तीन वेगवेगळ्या परीक्षा तीन महिन्यांत द्यायच्या. त्यामुळे डिसेंबर उजाडला की टेबलाचा रंग बदलायचा. "का" हा प्रश्न मागे पडायचा आणि "पर्याय कसे उडवायचे" हे सुरू व्हायचं. एककं बघ, दोन पर्याय तिथेच जातात. ही युक्तीही फिजिक्सच आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण त्या महिन्यांत पेन पुन्हा हुशार पोरांच्या हातात जायचं आणि ते परत मिळवणं कुणाला जमायचं नाही. चोपन्न सेकंदांत दुसऱ्याच्या मनातला खड्डा शोधत बसायला कुणाला वेळ आहे?

मुलींचा गट वेगळा होता, कारण त्यांच्या होस्टेलचं दार संध्याकाळी लवकर बंद व्हायचं. त्यामुळे त्या सकाळी क्लासच्या आधी सायकलींवर यायच्या. एकदा वाद चालला होता, सायकल चालवताना रस्त्याचं घर्षण चाकावर पुढे लागतं की मागे. वहीत काही सुटेना, म्हणून एकीनं बाहेर जाऊन सायकल स्टँडवर उभी केली आणि हातानं पॅडल फिरवलं. मागचं चाक खाली मागच्या दिशेला घासत जाणार, म्हणजे रस्ता त्याला पुढे ढकलणार. पुढच्या चाकाला पॅडल नाही, ते नुसतं ओढत नेलं जातं, म्हणून त्याला फिरवायला घर्षण मागे लागतं. "आणि ब्रेक मारला की दोन्हीकडे मागे," असं सीटवर हात ठेवून उभी असलेली मुलगी म्हणाली. त्या गटात "मला येतं" असं कुणी म्हणायचंच नाही. एकीनं प्रश्न मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी आपापला अंदाज सांगायचा, चुकीचा असला तरी. त्याच मुली कधी दार बंद व्हायच्या आधी संध्याकाळच्या टेबलाशी मुलांबरोबर बसल्या की गप्प व्हायच्या. त्यांना एकत्र बसवायचा आग्रह मी धरला नाही. पहाटेचा गट चांगला चालला होता.

एका वर्षी एक पालक तक्रार घेऊन आले. शेतकरी माणूस, मुलाच्या शिक्षणासाठी जमीन गहाण ठेवलेली. म्हणाले, "मॅडम, माझं पोरगं दुसऱ्यांना शिकवण्यात वेळ घालवतंय. उद्या तेच ह्याच्या पुढं गेले म्हणजे?" मी त्यांना आकडा सांगितला. त्या वर्षी देशभरात नीटला वीस लाखांहून जास्त मुलं बसली होती. त्यात आमच्या टेबलावरची सहा पोरं पुढे गेली काय आणि मागे राहिली काय, फरक पडणार नव्हता. त्यांना ते पटलं. जाताना दारातून वळून म्हणाले, "पण कॉलेजात पहिला तर यायला पाहिजे का नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माणूस वीस लाखांशी स्पर्धा करतच नाही, तो समोरच्या रूमशी करतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा शहरात दुसरा विषयच नव्हता. पहिल्या गाडीला ५० हजार लिटरचे दहा डबे होते, पुढे पन्नास डब्यांच्या गाड्या आल्या. म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. सुट्टीतही टेबलाशी येणारी चार-पाच पोरं होती. त्यांनी स्वतःच गणित काढलं: गाडी ताशी ६० किलोमीटरनं धावत असेल, तर नुसत्या पाण्याची गतिज ऊर्जा किती? वस्तुमान २५ लाख किलो, वेग सेकंदाला साधारण १६.७ मीटर. उत्तर आलं ३५ कोटी जूलच्या जवळपास. सगळे खूष, केवढा मोठा आकडा! एकानं सहज तो घरच्या लाइट बिलातल्या युनिटमध्ये बदलला. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. भागाकार केला तर आले जेमतेम ९७ युनिट.

मग पंधरा-वीस मिनिटं नुसती आरडाओरड झाली. एवढी आख्खी गाडी आणि महिन्याच्या बिलाएवढी ऊर्जा? दशांश चिन्ह कुठेतरी सरकलं असणार. प्रत्येकानं वेगळं करून पाहिलं. एकानं किलोमीटर-ताशीचं रूपांतर पुन्हा केलं, दुसऱ्यानं ½ विसरला का ते पाहिलं, तिसऱ्यानं सगळं लॉग टेबलनं केलं, कारण बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही आणि सवय असलेली बरी. सगळ्यांचं उत्तर तेच. शेवटी एक जण म्हणाला, "गाडी चालवायला तेवढीच लागते असं कुठं म्हटलंय? ही नुसती वेगाची. घर्षण, हवा, डब्यांचं वजन, चढ, थांबणं, पुन्हा निघणं, ते सगळं वेगळं." मी तोपर्यंत एक अक्षर बोलले नव्हते. त्या दिवशी पेन कुणाच्याच मालकीचं नव्हतं, ते फिरत होतं. इतकी वर्षं शिकवताना मी एवढा चांगला तास घेतल्याचं मला आठवत नाही.

प्रयोगशाळेतल्या एका कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. कुठल्या बॅचनं लावला ते मला आठवत नाही. बारावीच्या प्रॅक्टिकलला ३० गुण असतात आणि पोटेन्शिओमीटर आला की मुलं रडकुंडीला येतात, कारण गॅल्व्हॅनोमीटरचा काटा जॉकी कुठेही टेकवला तरी एकाच बाजूला पळतो. कागदावर तीन कारणं लिहिलेली आहेत: मुख्य बॅटरी सेलपेक्षा कमी दाबाची, सेल आणि बॅटरी यांची धन टोकं एका जागी जोडलेली नाहीत, मुख्य मंडलातली एखादी तार सुटलेली. खाली दुसऱ्या अक्षरात भर आहे: काटा अजिबातच हलत नसेल तर सेलच्या बाजूची तार बघा. त्याखाली तिसऱ्या अक्षरात: आधी स्क्रू आवळा, मग रडा. परीक्षेच्या दिवशी मी तो कागद वर्तमानपत्रानं झाकते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र काढते.

कोविडमध्ये सगळं मोबाइलवर गेलं. २०२१ ला बारावीची बोर्डाची लेखी परीक्षाच झाली नाही. व्हॉट्सॲपवर गट होता, रात्री अकराला कुणीतरी प्रश्न टाकायचं आणि दोन मिनिटांत सोडवलेल्या पानाचा फोटो यायचा. सुंदर अक्षर, चौकटीत उत्तर. त्याखाली अंगठे. मी ते बघत होते आणि मला सारखी निलंग्याच्या मुलाची आठवण येत होती. फोटोला विचारता येत नाही की तू पहिली ओळ का लिहिलीस. एका मुलीनं यावर बरा तोडगा काढला. ती फोन लावायची, स्पीकरवर ठेवायची आणि समोरच्याला स्वतःची आकृती शब्दांत सांगायला लावायची: डावीकडं भिंत, भिंतीला स्प्रिंग, स्प्रिंगला ठोकळा. सांगतानाच निम्म्यांना कळायचं की आपण एक बल विसरलोय. पण अशी ती एकटीच होती.

शाळा-कॉलेजं पुन्हा सुरू झाल्यावर आमच्याकडे "डाउट काउंटर" आला. क्लासमध्ये असतो तसा कॉलेजातही हवा, असं वर ठरलं. संध्याकाळी एक तरुण सर प्रयोगशाळेत खुर्ची टाकून बसायला लागले. मुलांनी वहीत नंबर लावायचा, पाळी आली की प्रश्न दाखवायचा, सर सोडवून देणार. सर हुशार आहेत, मनापासून करतात, वेगही चांगला आहे. माहितीपत्रकात त्याचा फोटोही छापून आला. पेन सगळा वेळ सरांच्या हातात असतं आणि रांग कधी कमी होत नाही, कारण काल सुटलेली मुलं आज पुन्हा तसाच प्रश्न घेऊन येतात. मी हे मीटिंगमध्ये बोलले. "मॅडम, मुलांचा रिस्पॉन्स बघा ना," असं उत्तर मिळालं. रांगेकडे बोट दाखवून.

लांब टेबल आता भिंतीला लावलंय, त्यावर प्रिंटर आहे. जुन्या पद्धतीनं बसणारी पाच-सहा मुलं जिन्याखाली, सायकल स्टँडच्या बाजूला सतरंजी टाकून बसतात. शिपाई रोज ओरडतो की येण्याजाण्याचा रस्ता अडतो. मागच्या आठवड्यात त्यांनी प्रयोगशाळेतून भिंग आणि मेणबत्ती मागून नेली, परत करताना मेणबत्ती अर्धी झालेली होती. साठ्याच्या रजिस्टरमध्ये ती मी खर्ची टाकली आहे, आणि दोन नवीन मागवल्या आहेत.